वाकड्या दातांचं मोजमाप

लहानपणी मी हसले की घरातल्या कुणाचं ना कुणाचं लक्ष माझ्या तोंडाकडे जायचं. वरचे दोन्ही सुळे हिरडीत इतक्या उंचावर उगवले होते की त्यांना खाली उतरायचा कंटाळाच आला असावा. समोरच्या दोन दातांपैकी एक दुसऱ्याच्या मागे अर्धा लपून उभा होता. खालच्या दातांची तर नुसती दाटी. बरोबरीच्या पोरी मला त्यावरून चिडवायच्या, मी त्यांना दुसऱ्या कशावरून तरी चिडवायची, आणि ऊस खायची वेळ आली की त्याच पोरी आपापली कांडी घेऊन माझ्याकडे यायच्या. माझ्या वाकड्या सुळ्यात उसाची साल अशी धरली जायची की एका हिसड्यात सोलून निघे. त्यामुळे माझी माझ्या दातांबद्दल काही तक्रार नव्हती. तक्रार होती ती आत्याची.

आत्या ही माझ्या वडिलांची थोरली बहीण. वडिलांना आम्ही दादा म्हणायचो. दादा लहान असतानाच त्यांची आई वारली, आणि त्याच सुमारास आत्या विधवा होऊन माहेरी आली. दादांना तिनंच लहानाचं मोठं केलं. म्हणून आमच्या घरात शेतात काय पेरायचं ते दादांनी ठरवायचं आणि बाकी सगळं आत्यानं. दादा बोलायचेच मोजकं. त्यांच्या तोंडून कधी खोटं निघालं नाही अशी गावात त्यांची ख्याती होती. माय, म्हणजे माझी आई, यावर हळूच म्हणायची, "बोलतेतच कुटं, खोटं निघाया?"

आमचं गाव अंबड तालुक्यात, वडीगोद्रीच्या बाजूला. कापूस आणि ज्वारी, थोडा ऊस विहिरीखाली. तेव्हा निजामाचं राज्य होतं, आणि दातांचा डॉक्टर म्हणून काही असतो हे आमच्याकडे कुणाला ठाऊक नव्हतं. दात दुखला तर लवंग ठेवायची, फारच दुखला तर उपटून टाकायचा, आणि वाकडा आला तर ज्याचं त्याचं नशीब. आत्याचं मात्र नशिबावर भागत नव्हतं. तिला माझ्या दातांचं कारण नेमकं माहीत होतं. आमच्याकडे दुधाचा दात पडला की तो शेणाच्या गोळ्यात घालून माळवदावर, म्हणजे घराच्या सपाट मातीच्या छतावर, फेकायची रीत होती. उंदीर तो दात नेतो आणि बदल्यात आपल्यासारखा सरळ, धारदार दात देतो असं सगळे मानत. मी एक दात हुरड्याबरोबर गिळला होता, एक विहिरीत पोहताना पडला, आणि एक तर मी मैत्रिणीला दोन चिंचोक्यांच्या बदल्यात देऊन टाकला होता.

"उंदराला आपुन काय दिलं?" आत्या विचारायची. "मंग त्यो काय म्हून देईल?"

तिचे स्वतःचे दात मिस्री घासून घासून काळेभोर झालेले, पण ओळीनं उभे आणि भक्कम. सुपारी ती अडकित्त्याशिवाय फोडायची. अशा बाईला घरात माझ्यासारखं तोंड रोज समोर बघावं लागायचं, याचा तिला खरोखर त्रास व्हायचा.

मला वेगळाच त्रास होता. गावातल्या शाळेत पोरांच्या रांगेच्या कडेला बसून मी चौथी पास झाले होते. मास्तर स्वतः घरी येऊन सांगून गेले, पोरगी हुशार आहे, पुढे शिकवा. पुढे म्हणजे परगावी. आत्यानं मास्तरांना गूळपाणी दिलं आणि ते वळणावर दिसेनासे झाल्यावर म्हणाली, "चौथी केली, लई झालं. कागुद वाचता येतो, बास." दादा काही बोलले नाहीत. त्यानंतर वर्षभर मी घरात येईल तो छापील कागद वाचत बसायची, किराण्याच्या पुड्यांचे कागदसुद्धा. निम्म्यांवर उर्दू असायचं, ते मी उलटसुलट करून बघायची. मला शिकायचं होतं. शेण गोळा करताना, पाणी शेंदताना, माझ्या डोक्यात तेवढं एकच असायचं. पण हे मी कुणाला बोलून दाखवलं नाही, कारण बोलून उपयोग नाही हे मला कळत होतं.

त्या वर्षी भाऊबीजेला मामा आले. ते हैदराबादला एका कचेरीत कारकून होते. ओवाळून झाल्यावर मी लाडूला तोंड लावलं आणि मामा माझ्याकडे बघतच राहिले.

"ताई, हिच्या दाताचं काही करून राह्यलीस का न्हाई?" ते मायला म्हणाले. "आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक डाक्टर हायेत, फक्त दातांचे. इलायतेत शिकून आले. वाकड्या दातावर तार बसवतेत अन् हळूहळू ओढून सरळ करतेत."

"वढून?" आत्या पुढे सरकली.

"व्हय. दोन वर्सं लागतेत. पोरीला माझ्याकडं ठिवा. घराजवळच मराठी पोरींची साळा हाय. दिसभर रिकामी बसून काय करील, जात जाईल तितं."

शाळा हा शब्द ऐकून माझ्या हातातला लाडू फुटला. आत्यानं खाली सांडलेल्या चुऱ्याकडे बघितलं, माझ्या तोंडाकडे बघितलं, आणि बराच विचार करून निकाल दिला.

"दातासाठी नेयाची तर न्या. साळेचं मला सांगू नगा. पर तार हाय तवर जाईना का साळंत. दात सरळ झाले का वापस."

मामांनी मग एक अट सांगितली. हे डॉक्टर उगीच कुणाच्या तोंडात तार घालत नाहीत. आधी दात मोजतात, गरज किती ते ठरवतात, आणि गरज असेल तरच हात लावतात. त्यांची सासुरवाडी जालन्याला. दर थंडीत ते काही दिवस तिथे येतात आणि एका ओळखीच्या दवाखान्यात बसून पोरांचे दात तपासतात. तिथं दाखवून घ्यावं, असं ठरलं. म्हणजे माझी पुढची सगळी शाळा आता त्या अर्ध्या लपलेल्या दातावर आणि त्याच्या भावंडांवर येऊन ठेपली. आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं, आणखी थोडे वाकडे असते तर बरं झालं असतं.

थंडी पडल्यावर दादा मला घेऊन निघाले. अंबडपर्यंत बैलगाडी आणि तिथून जालन्याला मोटार. लढाईचे दिवस होते, पेट्रोल मिळत नव्हतं, म्हणून मोटार कोळशाच्या धुरावर चालायची. मागे एक मोठी भट्टी बांधलेली. चढ आला की ती धापा टाकायची आणि निम्मे लोक उतरून चालायला लागायचे. जालन्याला पोचलो तेव्हा माझं तोंड काजळीनं इतकं काळं झालं होतं की डॉक्टरांनी आधी मला चूळ भरायला लावली.

डॉक्टर उंच, पांढऱ्या दाढीचे, शेरवानीवर पांढरा अंगरखा घातलेले. त्यांच्या टेबलावर पितळेचा एक छोटा कंपास होता आणि शेजारी एक पुठ्ठा. त्या पुठ्ठ्यावर त्यांनी स्वतःच्या हातानं रांगेनं तोंडं काढली होती, नुसती ओठ आणि दात. पहिल्या तोंडातले दात मोत्याच्या सरासारखे, आणि पुढे पुढे बिघडत जाऊन शेवटच्या तोंडात कुणी मूठभर दात वरून फेकल्यासारखे.

"देखो बेटी, इसमें तुम्हारा मुँह कौनसा है?"

मी एक क्षणही न दवडता शेवटच्या तोंडावर बोट ठेवलं. डॉक्टरांच्या भुवया वर गेल्या. बहुतेक पोरं पहिल्या-दुसऱ्या चित्राकडेच बोट करतात, इतक्या अभिमानानं शेवटचं चित्र आजवर कुणी मागितलं नाही, असं ते हसत दादांना म्हणाले.

मग त्यांनी मोजायला सुरुवात केली. कंपासाची दोन टोकं दातांवर टेकवून कागदाच्या पट्टीवर धरायचे. पुढचा दात मागच्याच्या किती पुढे, सुळा किती वर, खालच्या ओळीत जागा किती कमी. मला मेणाची पट्टी चावायला दिली. एक पेरू दिला आणि मी चावत असताना माझ्या जबड्याकडे टक लावून बघत बसले. शेवटी हिरड्या दाबून बघितल्या. दादांना त्यांनी नीट समजावून सांगितलं की यात दोन मापं असतात. "दिखने का माप अलग, चबाने का माप अलग." बघणाऱ्याला वाकडा दिसणारा दात काम चोख करत असेल, तर तो वाकडा म्हणायचा की नाही हे ठरवायला वेळ लागतो. दादा मान हलवत होते. त्यांनी आयुष्यभर बैल दात बघूनच घेतले होते, त्यामुळे त्यांना हे सगळं पटत असावं.

नंतर डॉक्टरांनी एक तपकिरी वडी गरम पाण्यात मऊ केली, पसरट चमच्यासारख्या भांड्यात भरली आणि माझ्या तोंडात दाबून धरली. ती काढल्यावर आत माझ्या दातांचे खड्डे उमटले होते. त्या खड्ड्यांत त्यांनी भिजवलेलं प्लास्टर ओतलं. दुपारपर्यंत ते वाळलं आणि माझे सगळेच्या सगळे दात, वरचे आणि खालचे, पांढरेफटक होऊन टेबलावर येऊन बसले. मला फार गंमत वाटली. स्वतःचे दात असे बाजूला ठेवून बघायला किती जणांना मिळतं?

निकाल मात्र त्या दिवशी लागला नाही. सुळे अजून उतरायचे आहेत, घाईनं काही ठरवता येणार नाही, पुढच्या थंडीत परत या, असं डॉक्टर म्हणाले. प्लास्टरचे दात त्यांनी कागदात गुंडाळून माझ्या हातात दिले. "सँभाल के रखो. अगले साल साथ लाना. नए दाँत इससे मिलाके देखेंगे."

ते दात घरी आले आणि पहिला प्रश्न पडला, ठेवायचे कुठे? माय म्हणाली, तोंडातून निघालेली वस्तू, म्हणजे उष्टी, चुलीपाशी नको. देवापाशी तर नाहीच नाही. आत्याला ते मेल्या माणसाचे वाटायचे. शेवटी बाहेरच्या खोलीत कोनाड्यात जागा मिळाली. मग गावातल्या बायकांची रीघ लागली. येणारी प्रत्येक जण आधी कोनाड्यात बघायची, मग मला तोंड उघडायला लावायची, आणि मग दोन्ही जुळतात की नाही यावर आपलं मत द्यायची. शेजारची एक काकू रोज यायची. तिचं म्हणणं, कोनाड्यातले जास्त चांगले दिसतात.

पुढचं वर्षभर आमच्या घरात माझ्या दातांवरून एक गुपचूप लढाई चालली. आत्याला ते सरळ व्हायला हवे होते. ती रोज सकाळी मला अंगणात उन्हाकडे तोंड करून बसवायची, अंगठ्याला खोबरेल लावायची आणि पुढे आलेला प्रत्येक दात देवाचं नाव घेत आत दाबायची. अंगठा कसला, उखळातलं मुसळच ते. आणि मला ते वाकडे राहायला हवे होते. म्हणून ती आत दाबायची तेवढं मी उरलेला दिवसभर जिभेनं बाहेर ढकलायची. दळताना, निंदताना, रस्त्यानं चालताना जिभेचं काम चालूच. मग कुणी नसताना कोनाड्यासमोर उभी राहून, मायचा छोटा आरसा तोंडापुढे धरून, मी कोण जिंकतंय ते ताडून बघायची. आत्याला यातलं काही माहीत नव्हतं. ती आपली मायला म्हणायची, "जरा हटलाय बग पुडचा. माझ्या अंगठ्याला कळतंय." त्या दिवशी मी जीभ दुप्पट चालवायची.

थंडी आली. मामांचा निरोप आला की डॉक्टर जालन्यात आले आहेत. मी धावत कोनाड्याकडे गेले तर कोनाडा रिकामा.

"त्ये व्हय?" आत्या ज्वारी पाखडत होती, तिनं सुपावरून मानही वर केली नाही. "त्ये म्या फेकलं माळवदावर. शेनात घालून. चार दिस झाले."

मी कोनाड्यात हात घालून परत एकदा चाचपून बघितलं.

"तुजे येकेक दात तू गमावलेस. हितं पुरं तोंडभर दात येकदम गावले. म्हन्लं आता उंदराला सगळेच देऊन टाकावं, किरकिर नगं."

"अगं पर डाक्टरनं सांभाळा म्हन्लं व्हतं!"

"दात सरळ करायचेत का साठवायचेत?" आत्यानं विचारलं, आणि पुन्हा पाखडायला लागली.

मी रडत शिडी लावली आणि वर चढले. माळवदाच्या कोपऱ्यात एक वाळलेला गोळा पडला होता. उंदरानं त्याला ढुंकूनही विचारलं नव्हतं. उन्हानं त्याची पक्की गोवरी झाली होती, ती मी दगडानं हलकेच फोडली. आतून वरचे दात सलग निघाले. खालच्यांचे दोन तुकडे झाले होते. दादांनी ते धुतले, बाभळीचा डिंक लावून जोडले आणि सुतळीनं बांधून रात्रभर वाळत ठेवले. आत्याला कुणी काही बोललं नाही. बोलून तरी काय, तिनं तर तिच्या परीनं उपचारच केला होता.

जालन्याला डॉक्टरांनी कागदाची पुडी उघडली आणि नाक जवळ नेलं.

"ये कायकी खुशबू है?"

दुसरा कुणी असता तर काहीतरी सांगून वेळ मारून नेली असती. पण दादांनी आपल्या मोडक्या उर्दूत आत्या, उंदीर, शेण, माळवद, डिंक असं सगळं क्रमानं, काही न वगळता सांगितलं. डॉक्टर खुर्चीत मागे रेलून इतके हसले की त्यांना चष्मा काढून डोळे पुसावे लागले. मग त्यांनी ते जोडलेले दात दोन्ही हातांत धरून अदबीनं टेबलावर ठेवले आणि कंपास उचलला.

या वेळी मी तोंड उघडून छताकडे बघत मनात एकच म्हणत होते, वाकडे निघू देत, भरपूर वाकडे निघू देत. डॉक्टर मोजत होते, प्लास्टरशी ताडून बघत होते, परत मोजत होते. पेरू चावून झाला, मेण चावून झालं. शेवटी त्यांनी तो चित्रांचा पुठ्ठा काढला. मी बोट उचललं, पण त्यांनी मला थांबवलं आणि पुठ्ठा दादांसमोर धरला.

"तुम बोलो, बेटी का मुँह कौनसा?"

दादांनी पुठ्ठा हातात घेतला. माझ्याकडे बघितलं, चित्रांकडे बघितलं, पुन्हा माझ्याकडे बघितलं. आणि दुसऱ्या चित्रावर बोट ठेवलं. मोत्याच्या सराच्या शेजारच्या!

"ह्ये," ते म्हणाले. "चांगलेच हायेत की माझ्या पोरीचे."

मी रागानं लाल झाले. बापाचं प्रेम दिसायला हीच वेळ सापडली होती!

डॉक्टर हसले आणि त्यांनी निकाल सांगितला. सुळे बरेच खाली आले आहेत. दात दिसायला वाकडे आहेत खरे, पण चावतात उत्तम, हिरड्या निरोगी, एकही दात दुसऱ्याला इजा करत नाही. "दिखने में थोड़े टेढ़े. काम में बिलकुल बराबर. तार की जरूरत नै. मुबारक हो."

आणि मी भोकाड पसरलं. असं तसं नाही, बाहेर बसलेले रोगी दारात येऊन डोकावले असं.

"अरे, अरे! रोती कायकू?" डॉक्टर गडबडले. "तार लगाते बोले तो बच्चे रोते. ये तो नै लगाते बोले तो रो रई!"

"मंग माझी साळा?" मी हुंदक्यांतून ओरडले. "दात सरळ असले तर माझी साळा गेली ना!"

दादा माझ्याकडे बघत राहिले. शाळा मला एवढी हवी आहे हे त्यांना खरंच माहीत नव्हतं. मी कधी बोलले नव्हते आणि त्यांनी कधी विचारलं नव्हतं. डॉक्टरांनी त्यांना विचारलं, काय प्रकार आहे? दादांनी थोडक्यात सांगितलं. घरात थोरली बहीण आहे, तिनं आपल्याला वाढवलं, तिचा शब्द आपण मोडत नाही, आणि दातांपुरतीच शाळा तिनं कबूल केली आहे. डॉक्टर दाढी कुरवाळत ऐकत होते. मग ते हळूच म्हणाले, "मेरा माप तो जो है सो है. मैं उसमें फरक नै करता. आगे तुम्हारे घर का मामला."

 परतीच्या वाटेवर मोटार चढावर थांबली तेव्हा आम्ही दोघं तिच्यामागे चालत राहिलो. अंबडला गाडीत बसताना त्यांनी मला पाण्याचा तांब्या दिला आणि म्हणाले, "तोंड धू." एवढंच. मी डोळे पुसून बैलांच्या पाठीकडे बघत बसले. सगळं संपलं होतं. उद्यापासून पुन्हा शेण, पाणी आणि पुड्यांचे कागद, हे मला दिसत होतं, आणि मला माझ्या धड दातांचा संताप येत होता.

घरी पोचलो तेव्हा आत्या आणि माय ओट्यावर वाट बघत उभ्या होत्या. गाडी थांबायच्या आधीच आत्यानं विचारलं, "काय म्हन्ला डाक्तर?"

दादांनी बैल सोडले. त्यांना पाणी दाखवलं. वैरण टाकली. हातपाय धुतले. मी मान खाली घालून उभी होते. मग त्यांनी पंच्याला हात पुसत, आत्याकडे न बघता, सांगितलं, "लई वाकडे हायेत म्हन्ला."

मी मान वर केली. दादांचे कान लालबुंद झाले होते.

"दोन वर्सं तरी लागतील. तार तिकडं गेल्यावर बसवतो म्हन्ला."

माय त्यांच्याकडे बघत राहिली. मी तोंड घट्ट मिटून घेतलं, कारण पुरावा तोंडातच होता. आत्यानं मात्र मोठा उसासा सोडला. "म्या तर म्हनतच व्हते," ती म्हणाली, आणि तडक आत जाऊन तिनं लाडवांसाठी डबा काढला. तार बसल्यावर दात दुखतील, म्हणून लाडू मऊ करायचे असं तिनं ठरवलं. वळताना ते मोडत होते इतके मऊ केले.

हैदराबादला गेल्यावर मामांनी मला शाळेत घातलं तेव्हा पहिले काही दिवस मला काहीच समजलं नाही आणि नंतर सगळंच आवडायला लागलं. भिंतीवरचे नकाशे आवडले, गणिताच्या बाई आवडल्या, फळ्यावर खडू घासल्याचा आवाजसुद्धा आवडला. उर्दू आता उलटसुलट करून बघावं लागत नव्हतं, वाचता येऊ लागलं होतं. गल्लीच्या तोंडाशी ते डॉक्टर कधी भेटले की लांबूनच हात वर करायचे आणि विचारायचे, "स्कूल बराबर चालू?" मी मान डोलवायची आणि सगळे वाकडे दात दाखवून हसायची.

पण उन्हाळ्याची सुट्टी जवळ आली तशी मला झोप लागेना. तोंडात तार नव्हती. दात होते तसेच होते. सुट्टीपुरती तार काढून ठेवली आहे, असं सांगायचं मामांनी मला पढवून ठेवलं. मी आगगाडीत जालन्यापर्यंत तेच वाक्य घोकत आले. अंबडला दादा गाडी घेऊन आले होते. त्यांनी माझ्या तोंडाकडे एकदा चोरून बघितलं आणि बैल हाकले.

त्या संध्याकाळी आत्यानं दातांचा विषय काढला नाही. तिनं विचारलं, साळंत काय शिकवतेत. मी सांगायला लागले ती थांबेचना. आपली गोदावरी कुठून येते, पुढे किती मुलुख ओलांडून समुद्राला मिळते, हे मी तिला राखेत बोटानं रेघा ओढून दाखवलं. आत्याचा सगळा जन्म गोदावरीच्या आसपास गेला होता, पण ती कुठे जाते हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. तिनं मध्ये एकदाही मला तोडलं नाही. "आन् मंग?" एवढंच विचारत राहिली.

सकाळी मात्र तिनं मला अंगणात उन्हाकडे तोंड करून बसवलं. "आ कर," म्हणाली. मी ते पाठ केलेलं वाक्य बोलायला लागले, पण तिनं ओठ वर उचलला आणि बोलायला जागाच ठेवली नाही. तिचा अंगठा एकेका दातावरून सावकाश फिरला. वर्षभर रोज दाबलेले दात ते, डोळे मिटूनही तिनं ओळखले असते. दादा गोठ्याच्या दाराशी दावं वळत बसले होते. त्यांचे हात थांबले. माय चुलीपासून उठून उंबऱ्यात येऊन उभी राहिली.

आत्यानं माझा ओठ सोडला. बराच वेळ माझ्याकडे बघितलं. मग मान वळवून दादांकडे बघितलं. दादा दाव्याकडे बघत होते, आणि त्यांचे कान परत लाल झाले होते.

"येवढ्या दिसांत काय व्हतंय?" आत्या म्हणाली. "लई वाकडे हायेत. म्याट्रिक व्हईस्तवर तरी लागतील."

मग ती उठली, पदराला अंगठा पुसला, आणि जाता जाता दादांना म्हणाली, "आन् त्या डाक्तरला सांगून ठिव. घाई करू नगं म्हनाव."